अलिबागची घोडागाडी

पेणच्या आमच्या माहेरघरात, पेढीच्या मागच्या खोलीत, एक कृष्णधवल फोटो कितीतरी वर्षे भिंतीवर होता. समुद्राची ओली वाळू, मागे कुलाबा किल्ल्याची काळी तटबंदी आणि पुढे एका घोडागाडीत दाटीवाटीने बसलेले आमचे कुटुंब. गाडी जिकडून भरावी तिकडून भरलेली. कोणाचे पाय बाहेर लोंबकळत आहेत, कोणाच्या मांडीवर कोणी आहे. सर्वांच्या चेहऱ्यावर असे हसू, की घरी येणारा पाहुणा तो फोटो पाहून हमखास विचारी, "हे कुठले?" आणि बापूजी अभिमानाने सांगत, "अलिबाग!"

आजच्या मुलांना मौजेसाठी खास बांधलेल्या जागा असतात. 1989 साली मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, आणि 2013 साली आपल्याच रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका उभे राहिले. आमच्या बालपणी यातले काहीच नव्हते. जिल्ह्याचे नावही तेव्हा रायगड नव्हते. 1981 पर्यंत तो कुलाबा जिल्हा होता. पेणमधल्या आम्हा व्यापाऱ्यांच्या मुलांना पाळणे, झोके, जादू, साहस, सारे काही एकाच ठिकाणी मिळे आणि ते ठिकाण म्हणजे अलिबागचा किनारा. अली नावाच्या एका धनिकाने इथे विहिरी खोदून बागा लावल्या, म्हणून हे 'अलीबाग', असे सांगतात. आम्हा मुलांसाठी मात्र ती शब्दशः आमचीच बाग होती.

वर्षातून एकदा, वैशाखात, ही सहल ठरे. दिवस ठरवण्याचे काम बापूजींचे. त्यासाठी त्यांना घड्याळ लागत नसे, तिथी लागे. कोकणच्या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला एक साधा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की जो आकडा येतो, साधारण त्या वाजता पूर्ण भरती असते. द्वादशी असेल तर बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, तीनच्या सुमारास, ओहोटी. चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. आणि 50 मिनिटे म्हणजे जवळजवळ पाऊण तासच. अष्टमी-चतुर्दशीची आठवण ठेवणाऱ्या आपल्या घरांत तिथी सर्वांच्या तोंडी असतेच. बापूजी म्हणत, "द्वादशीला जाऊ. तीनला पाणी ओसरेल, चारपर्यंत किल्ला बघून परत, आणि सूर्य मावळायच्या आत वाळूवर जेवण." सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे असल्याने समुद्राचे आणि आमच्या घरचे वेळापत्रक जुळवावे लागे, आणि ते जुळवण्यात त्यांना मोठा आनंद होता.

सकाळच्या एस. टी. ने आम्ही निघत असू. वडखळ, पोयनाड, मग कार्ले खिंड. खिंड ओलांडली की वाऱ्याला खारट वास येऊ लागे आणि आम्ही मुले खिडकीकडे झेपावत असू. बाने आदल्या रात्री थेपले आणि सुखडी केलेली असे, छुंद्याची बरणी असे, उकळून थंड केलेल्या पाण्याच्या दोन कळश्या असत. रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या वेण्या टांगलेल्या दिसत. अलिबागचा तो कांदा नावाजलेला, पण आमच्या घरात त्याला प्रवेश नव्हता. आम्ही त्या वेण्या गजऱ्यांसारख्या नुसत्या डोळ्यांनी पाहत असू. ताडगोळ्यांना मात्र आडकाठी नव्हती, आणि ते किती खायचे यावर दरवर्षी भांडण होई.

अलिबागच्या समुद्रकिनाऱ्याची खरी किमया ओहोटीची. किल्ला समुद्रात उभा. भरतीला त्याच्या चारही बाजूंनी पाणी, होडीशिवाय जाता येत नाही. पण ओहोटी लागली की पाणी हळूहळू मागे हटते, आणि जिथे सकाळी लाटा होत्या तिथून माणसे चालू लागतात. मुलाच्या डोळ्यांना यापेक्षा मोठी जादू ती कोणती असणार? आणि त्या जादूचा कळस म्हणजे घोडागाडी. चाके पाण्यात, घोड्याच्या पायांतून उडणारे तुषार अंगावर, मध्येच खड्डा आला की सारी गाडी कलते आणि सगळे एकदम ओरडतात. दुसऱ्या दिवशी शाळासोबत्यांना सांगायला आमच्याजवळ याहून मोठी गोष्ट नसे.

फोटोतली सहल 1971 सालची. त्या वर्षी मुंबईहून काका-काकी आणि फईबा आल्या होत्या. मोठी माणसे पाच, मुले सहा. घोडागाडीवाल्याने दोन गाड्या लागतील, आठ रुपये होतील, असे सांगितले. बापूजींनी नकार दिला. घासाघीस झाली. शेवटी सर्वांना एकाच गाडीत बसवून पाच रुपयांत सौदा ठरला. तीन रुपये वाचले. ही हकिकत बापूजी नंतर कितीतरी वर्षे रंगवून सांगत. किनाऱ्यावरच्या एका छायाचित्रकाराने फोटो काढला आणि पुढे तो टपालाने घरी आला. त्याच्या पाठीवर बापूजींच्या वळणदार अक्षरात लिहिले आहे: 'अलिबाग. वैशाख शु. 12. माणसे 11. घोडागाडी 5 रु.' त्यांना प्रत्येक गोष्टीचा जमाखर्च लिहून ठेवण्याची सवय होती.

किल्ल्यात गेल्यावर बापूजी आम्हाला इतिहास सांगत. शिवाजी महाराजांनी 1680 साली या किल्ल्याचे काम सुरू केले, संभाजी महाराजांनी 1681 मध्ये ते पूर्ण केले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात कुलाबा हे मराठी आरमाराचे मोठे ठाणे झाले. 1721 साली इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र चालून आले, तरी त्यांना तो घेता आला नाही. तटाचे अजस्र दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी दगडांच्या फटींत शिरते आणि तिचा जोर तिथेच मोडतो. आत राघोजी आंग्र्यांनी 1759 साली बांधलेले गणेश पंचायतनाचे मंदिर आहे. आणि सगळ्यात नवलाची ती गोड्या पाण्याची विहीर. चारही बाजूंना खारा समुद्र आणि मध्ये गोडे पाणी! बा मात्र तेही पाणी फडक्याने दुहेरी गाळल्याशिवाय कोणाला पिऊ देत नसे. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जीवांची तिला काळजी. फडके उलटे करून ती ते पुन्हा विहिरीतच झटके. "ज्याचे त्याला परत," असे म्हणे.

लग्न होऊन मी पुण्याला गेले. बापूजी गेले, पेणची पेढी भावांनी वाटून घेतली, जुने घर पाडताना तो फोटो मी मागून घेतला. अलिबागला पुन्हा जाणे मात्र झाले नाही. माझ्या मनातला किनारा त्या चौकटीत सुरक्षित होता.

गेल्या हिवाळ्यात तो योग आला. मुंबईच्या लेकीने बेत आखला: नातीला आजोळच्या मुलुखाची ओळख करून द्यायची. आम्ही उभयता मुंबईला गेलो आणि तिथून सर्वजण, मोटारीसकट, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीने निघालो. ही सेवा 2020 साली सुरू झाली. तासाभरात मांडवा. बापूजींना ही बोट पाहून काय वाटले असते, असा विचार माझ्या मनात येऊन गेला. फोटो मी पिशवीत घेतला होता. तीच जागा, तीच गाडी, त्याच किल्ल्याच्या पुढ्यात नातीबरोबर तसाच एक फोटो काढायचा, असे मी ठरवले होते.

पहिला धक्का किनाऱ्यावर पाऊल ठेवताच बसला. शनिवारची संध्याकाळ. वाळू दिसत नव्हती, माणसे दिसत होती. चार चाकांच्या मोटारगाड्या वाळूवरून धडधडत जात होत्या, पाण्यात स्कूटर घोंगावत होत्या, कोठे केळ्याच्या आकाराची रबरी होडी, कोठे मोठमोठ्याने लावलेली गाणी. लाटांचा आवाज ऐकू येईना. इथून जवळच भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर धावू लागणार, त्याने कुलाब्याच्या वेधशाळेतील नोंदी बिघडतील, म्हणून निर्वेध जागा शोधत शास्त्रज्ञ 1904 साली इथे आले. ज्या गावाची निवड त्याच्या शांततेसाठी झाली, ते गाव हेच का, असे वाटून मी खिन्न झाले.

रात्री खोलीत मी तक्रारींचा पाढा वाचला. गर्दी फार झाली, बोटीने आणि पुलांनी मुंबई उंबरठ्यावर आणून ठेवली, लोकांना समुद्र पाहायचा नसतो, समुद्रावर खेळायचे असते. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरील नारळी-पोफळी आणि सुरूची झाडे आडवी केली. जे उरले ते माणसांनी तुडवले. यजमान शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुझ्या लहानपणीही इथे लोक मौजेसाठीच येत होते ना? तू काय तीर्थयात्रेला येत होतीस?" मला राग आला, पण उत्तर सुचले नाही.

दुसऱ्या दिवशी वद्य तृतीया होती. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास ओहोटी. नातीला हा हिशेब शिकवला तेव्हा तिने तो मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिला आणि थोड्या मिनिटांच्या फरकाने तो बरोबर निघाला. तिला पणजोबांचा मोठा आदर वाटला. मलाही कालची खिन्नता विसरल्यासारखी झाली. साडेसातला आम्ही किनाऱ्यावर होतो. मोटारगाड्यांचा धिंगाणा अजून सुरू व्हायचा होता. पाणी ओसरत होते, किल्ला सोनेरी उन्हात उभा होता, आणि घोडागाड्या रांगेने थांबल्या होत्या. माझे बालपण जागच्या जागी होते.

मी पिशवीतून फोटो काढला आणि नातीच्या हाती दिला. "ही मी," असे म्हणून बोट ठेवले. ती फोटो डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागली आणि मुलांच्या सवयीप्रमाणे मोजू लागली. एक, दोन, तीन... अकरापर्यंत आली. मग समोरच्या गाडीकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले. म्हणाली, "नानी, अकरा जण आणि घोडा एकच? आणि त्याचे तोंड कुठे आहे?"

मी फोटो हाती घेतला. पन्नासहून अधिक वर्षे तो फोटो मी पाहत आले होते. त्यातल्या प्रत्येकाच्या कपड्याचा रंगही मी सांगू शकले असते. पण घोड्याचे डोके चौकटीबाहेर कापले गेले आहे, हे मला ठाऊक नव्हते. दिसत होती ती ताणलेली मान, पुढे झुकलेले खांदे, कातडीखालून उमटलेल्या बरगड्या आणि घोट्यापर्यंत वाळूत रुतलेला मागचा पाय. आम्ही सारे छायाचित्रकाराकडे पाहून हसत होतो, आणि घोडा आम्हा अकरा जणांना ओल्या वाळूत थोपवून धरीत होता.

समोरच्या रांगेत तेच चालले होते. एका गाडीत आठ जण चढले. घोडा निघेना. चाबूक त्याच्या पाठीवर न मारता हवेतच वाजवला गेला, पण घोड्याला तो कळला. चाके वाळूतून सुटली, गाडी पाण्यात शिरली, आणि आतून आनंदाची आरोळी उठली. ती आरोळी माझ्या ओळखीची होती. मीही अशीच ओरडत असे.

वाचकहो, कालची निराशा सोपी होती, कारण तिचा दोष इतरांवर टाकता येत होता. गर्दी त्यांची, गोंगाट त्यांचा, कचरा त्यांचा. या सकाळच्या निराशेत दोष टाकायला दुसरे कोणी नव्हते. जागा बदलली म्हणून मी हळहळत होते. आणि जे मुळीच बदलले नव्हते, तेच आता माझ्याने पाहवत नव्हते.

मला बापूजी आठवले. त्यांच्या दुकानातला तराजू पेणच्या बाजारात प्रमाण मानला जाई. मापात कधी खोट नाही, व्याजात कधी अन्याय नाही. पर्युषणात जीवदयेच्या फंडाला आणि पांजरपोळाला त्यांची पावती सर्वांत आधी फाटे. संध्याकाळी प्रतिक्रमणात ते श्रावकाच्या व्रतांचे अतिचार म्हणत. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्या पाठशाळेत मुलांनाही शिकवतात: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. त्यांतला चौथा म्हणजे प्राण्यावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे. मुक्या जनावराला बांधणे, मारणे, इजा करणे, उपाशी ठेवणे यांच्याच पंक्तीत शास्त्रकारांनी जादा ओझे बसवले आहे. बापूजी हा शब्द दररोज उच्चारत होते. आणि त्याच बापूजींनी अकरा माणसे एका गाडीत बसवून तीन रुपये वाचवले होते. त्यात क्रौर्य नव्हते. त्यांना तो घोडा दिसलाच नव्हता, जसा पुढे पन्नास वर्षे मलाही दिसला नाही. ते तीन रुपये कोणी भरले, हे त्यांच्या वहीत कोठेच लिहिलेले नव्हते.

आपण व्यापारी माणसे. जमेची बाजू आहे आणि नावेची बाजू कोरी आहे, अशी खतावणी कोणी समोर ठेवली तर आपण विचारू की हा कसला हिशेब. पण बालपणाच्या आठवणींची वही आपण अशीच सांभाळतो. वारा जमा, तुषार जमा, हसू जमा. नावे कोणाच्या मांडले गेले, हे पान उलटून पाहत नाही.

इतक्यात एक गाडीवाला पुढे आला. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला. "या मावशी. सगळे बसा एकाच गाडीत. आठ जण आरामात मावतात." आम्ही सहा होतो: मी, यजमान, लेक, जावई, नात आणि जावयांच्या आई. मी त्याला म्हटले, "एका खेपेला किती जणांना नेणे बरे?" त्याने माझ्याकडे जरा चमकून पाहिले. मग घोड्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "बरं म्हणाल तर चार. पण चारच नेईन म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या गाडीकडे जातं. शनिवार-रविवार सोडला तर गाडी उभीच. ओहोटी रोज वेगळ्या वेळेला. त्यातली निम्मी पहाटे नाहीतर रात्री. पावसाळ्यात चार महिने धंदा बंद. घोड्याला खायला मात्र बाराही महिने लागतं, मावशी."

हे बोलणे मला समजले. धंद्याच्या घरात वाढलेल्या कोणालाही समजेल. भाडे माणशी न घेता गाडीवर ठरते, गिऱ्हाईक घासाघीस करते, आणि गाडीवाल्याने सोडलेला प्रत्येक रुपया तो शेवटी घोड्याकडूनच वसूल करतो. त्याच्याजवळ वसुलीला दुसरी जागा नाही. त्या माणसावर रागावणे मला जमले नाही. घासाघीस करणारे आम्हीच होतो.

जावयांच्या आईंना गुडघ्यांमुळे वाळूतून चालणे शक्य नव्हते आणि यजमानांनाही डॉक्टरांनी जपायला सांगितले होते. मी गाडीवाल्याला म्हटले, "पूर्ण गाडीचे भाडे घ्या. दोघेच बसतील. बाकीचे आम्ही चालत येतो. चाबूक मात्र गाडीतच राहू द्या." तो हसला. "दोघांना न्यायला चाबूक कशाला लागतो?" म्हणाला. आणि खरोखरच लागला नाही. घोडा आपल्या चालीने निघाला. आमच्यापुढे थोड्या अंतरावर तो जात होता, आणि त्याच्या मानेच्या हालचालीत फोटोतला ताण नव्हता.

आम्ही चपला हातात घेऊन पाण्यात उतरलो. एवढ्या वर्षांत ही वाट मी पायी कधीच चालले नव्हते. पाणी कोठे घोट्याइतके, कोठे गुडघ्याला टेकणारे. वाळूवर ओहोटीने नक्षी उमटवली होती. गाडीतून जी वाट मला नुसती पाणी आणि वाळू वाटे, ती जिवंत होती. इवले खेकडे बिळांतून वाळूचे मणी बाहेर टाकत होते; शंखांतले जीव आपली रेघ मागे सोडत हळूहळू सरकत होते. नात प्रत्येक पाऊल पाहून टाकू लागली. तिला कोणी 'जयणा' हा शब्द शिकवला नव्हता, पण ती तो पाळत होती. माझ्या मनात आले, या वाटेवर आमच्या चाकांखाली तेव्हा काय काय आले असेल! हीही नावेची बाजू.

किल्ल्यातली विहीर तशीच आहे. मंदिर तसेच आहे. नातीला मी तटाचे चुन्याशिवाय रचलेले दगड दाखवले, आंग्र्यांचा पराक्रम सांगितला, आणि बा पाणी कशी गाळत असे तेही सांगितले. तो फोटो पुन्हा काढायचा बेत मात्र मी सोडून दिला. निघताना लेकीने मोबाइलवर एक फोटो घेतला. त्यात घोडा पूर्ण आहे, कानांपासून खुरांपर्यंत. दोन म्हातारी माणसे गाडीत, आणि आम्ही चौघे बाजूला, गुडघ्यापर्यंत भिजलेले.

पुण्याला परतल्यावर मी थोडी माहिती काढली. ती आपल्या वाचकांना उपयोगी पडेल म्हणून देते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम 1960 सालचा. त्याखाली 1965 साली ओझे वाहणाऱ्या व ओढणाऱ्या जनावरांसाठी नियम झाले. त्यांनुसार जनावराने ओढायच्या प्रवासी गाडीत, गाडीवान आणि सहा वर्षांखालील मुले सोडून, चारपेक्षा अधिक माणसे बसवता येत नाहीत. जनावराला दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांहून अधिक जुंपता येत नाही. तापमान 37 अंशांच्या वर जाते तिथे दुपारी बारा ते तीन या वेळेत जुंपता येत नाही. म्हणजे आमचा तो फोटो काढला गेला तेव्हा हे नियम होऊन सहा वर्षे झाली होती. मुंबईत तर 2015 साली उच्च न्यायालयाने केवळ मौजेसाठी फिरवल्या जाणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदेशीर ठरवल्या. अतिभारारोपणाचा दोष आपल्या आचार्यांनी कित्येक शतकांपूर्वी सांगितला. कायद्याने तो गेल्या शतकात सांगितला. दोन्ही ठिकाणी तो लिहिलेला होता. वाचायचे आपणच राहून गेलो.

अलिबाग मला आता आवडत नाही का, असे लेकीने विचारले. मी म्हटले, आवडते. पण ते लहानपणीचे आवडणे आता उरले नाही. ते आवडणे डोळे मिटून होते. बापूजींविषयीचा आदरही तिळमात्र उणा झालेला नाही. त्यांनीच आम्हाला शिकवले, की जुन्या वहीत चूक सापडली तर पान फाडायचे नसते. नवी नोंद करून ती दुरुस्त करायची असते. फोटो मी पुन्हा चौकटीत घातला आणि भिंतीवर लावला. चौकटीत घालण्यापूर्वी त्याच्या पाठीवर, बापूजींच्या 'माणसे 11' या अक्षरांखाली, मी एवढेच लिहिले: 'घोडा 1.'

सुटीत आपल्यापैकी अनेक कुटुंबे अलिबाग, काशीद, मुरूडकडे जातील. अवश्य जावे. तिथीची पाऊणपट करून ओहोटीची वेळ काढावी, ती तिथल्या तक्त्याशी ताडून घ्यावी, आणि पाणी परत फिरण्यापूर्वी किल्ल्यातून निघावे. पायांत बळ असेल त्यांनी चालत जावे. वाट फार सुंदर आहे. गाडी करायचीच झाली तर चौघांपेक्षा अधिक बसू नये, आणि भाडे पूर्ण द्यावे. त्या एका ठिकाणी घासाघीस करू नये.